पाटाखालच्या तीन पिढ्या

बारामती-इंदापूर भागात कोणत्या घरात शिक्षण कधी आलं, याचा अंदाज त्या घराचं रान पाटाखाली होतं की जिरायत, यावरून बांधता येतो. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला. बागायतदाराच्या पोराला शाळेत जायला सवड मिळाली. जिरायती गावातलं पोर गुरांमागे राहिलं.

पोरींचा प्रश्न पाण्यानं सुटला नाही. म्हणून काटेवाडीच्या शारदाबाई पवारांचं मोल मला फार वाटतं. १९३८ साली त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. शेतकऱ्याच्या घरात राहून त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवलं.

१९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं आणि पदवीसाठी पुण्यात खोली करून राहण्याची सक्ती संपली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडून येणाऱ्या उसाच्या बिलातून फी भरली जाऊ लागली. १९७१ साली शारदाबाईंचे चिरंजीव अप्पासाहेब पवारांनी ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभारला, पुढच्याच दुष्काळी वर्षी विद्या प्रतिष्ठान आलं. याच काळात भीमेवर उजनी धरणाचं काम चालू होतं. पळसदेवसारखी इंदापूरची गावं पाण्याखाली गेली आणि तिथल्या पोरांचं शिक्षण नव्या गावठाणात नव्यानं सुरू झालं.

तिसरी पिढी इंजिनिअर होऊन हिंजवडीला गेली. बापानं शिकवलं ते शेतीतून बाहेर पडण्यासाठीच, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. मागे राहिलेल्या शेतकरी तरुणाला मात्र आता मुलगी मिळत नाही. मुलीकडच्यांना गावी शेती हवी असते, पण नवरा नोकरीतलाच पाहिजे. जपाननं हे आपल्या आधी पाहिलं. तिथली शिकलेली पिढी शहरांकडे गेली, मुलांअभावी खेड्यांतल्या शाळा बंद पडल्या. १९८५ च्या सुमारास यामागाता प्रांतातल्या आसाही गावच्या प्रशासनानं शेतकरी तरुणांसाठी थेट फिलिपाइन्समधून वधू आणण्याची व्यवस्था केली होती.

इथे मात्र पोरांची शाळा सुटण्याचं वेगळंच कारण आहे, आणि मला ते जास्त छळतं. ज्या उसानं तीन पिढ्या शिकवल्या, तो तोडायला बीड-नगरकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोड्या येतात. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर आलेलं पोर हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळतं. अशा पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. मार्च-एप्रिलमध्ये ते पोर गावी परततं, तेव्हा वर्गातली बाकीची पोरं वार्षिक परीक्षेला बसलेली असतात.