प्रकाशनियंत्रण जाळे आणि इमारत व्यवस्थापन प्रणाली यांची जोडणी : सी-बस व बॅकनेट यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : प्रकाशनियंत्रण, इमारत व्यवस्थापन प्रणाली, सी-बस, बॅकनेट, गेटवे, अग्रक्रम

प्रस्तावना

मोठ्या कार्यालयीन इमारतीत वातानुकूलन, पाणीपुरवठा, वीजमापन इत्यादी सेवांवर इमारत व्यवस्थापन प्रणाली एकाच ठिकाणाहून देखरेख ठेवते. दिव्यांचे नियंत्रण मात्र पुष्कळदा एखाद्या उत्पादकाच्या स्वतःच्या संदेशपद्धतीवर चालणाऱ्या स्वतंत्र जाळ्याकडे असते. खोलीत कोणी नाही हे दिव्यांच्या जाळ्यातील संवेदकास कळते. परंतु ती माहिती वातानुकूलन यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही व रिकामी खोली थंड होत राहते. ही उणीव दूर करण्यासाठी दोन्ही यंत्रणा जोडल्या जातात. ही जोडणी केवळ तारांची नसून प्रामुख्याने अर्थाची व अधिकाराची असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन यंत्रणांचे स्वरूप

सी-बस ही ऑस्ट्रेलियातील क्लिप्सल कंपनीने विकसित केलेली प्रणाली होय. ही कंपनी पुढे श्नायडर इलेक्ट्रिक समूहात समाविष्ट झाली. सी-बसमध्ये संगणक जाळ्यांसाठी वापरली जाणारी कॅट-५ केबल असून तीवर ३६ व्होल्टचा एकदिश दाब असतो. एका जाळ्यात १०० पर्यंत उपकरणे व एकूण १००० मीटरपर्यंत केबल चालते. दिव्याची वीज भिंतीवरील बटणातून जात नाही. बटण केवळ संदेश पाठविते आणि विद्युत फलकातील रिले किंवा डिमर तो पाळतो. संदेशात दिव्यांचा गट-क्रमांक व ० ते २५५ यांमधील प्रकाशपातळी असते. त्यासाठी मध्यवर्ती संगणक आवश्यक नसतो.

बॅकनेट हे कोणा एका उत्पादकाचे नाही. अमेरिकेतील अॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये त्याचे काम सुरू केले. १९९५ मध्ये ते मानक १३५ म्हणून प्रसिद्ध झाले व २००३ मध्ये त्यास आयएसओ १६४८४-५ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. येथे प्रत्येक नियंत्रणीय बाब ही एक 'ऑब्जेक्ट' असून नाव, वर्तमान मूल्य, एकक व अवस्था हे तिचे गुणधर्म असतात.

गेटवेचे कार्य

या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या उपकरणास गेटवे म्हणतात. गेटवेमधील तक्त्यात कोणता गट म्हणजे कोणती ऑब्जेक्ट, हे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, 'गट १२' हा सी-बससाठी केवळ एक अंक आहे. तो 'तिसरा मजला, पूर्वेकडील मार्गिका' आहे, हा अर्थ तक्त्यामुळेच प्राप्त होतो. मोजपट्टीचेही तसेच आहे. व्यवस्थापन प्रणालीने पूर्ण प्रकाशासाठी पाठविलेला १०० हा अंक रूपांतर न करता पुढे गेल्यास दिवे १०० टक्के नव्हे, तर २५५ पैकी १००, म्हणजे सुमारे ३९ टक्के पातळीवर लागतात.

याशिवाय, 'गट सुरू आहे' ही नोंद दिलेल्या आदेशाची असते. दिवा प्रत्यक्ष लागल्याचा तो पुरावा नव्हे. दिवा निकामी झाला असला तरी पडद्यावर तो सुरूच दिसू शकतो.

अधिकाराचा प्रश्न

सर्वांत गुंतागुंतीची बाब म्हणजे अंतिम शब्द कोणाचा, ही होय. सी-बसमध्ये सामान्यतः शेवटी आलेला संदेश लागू होतो. बॅकनेटमध्ये मात्र आदेशांना १ ते १६ असे अग्रक्रम असतात. पहिले दोन जीवितरक्षणासाठी राखीव असून आठवा कर्मचाऱ्याने स्वहस्ते दिलेल्या आदेशासाठी आहे. वरच्या क्रमांकावरील आदेश मागे घेतल्याविना खालचा आदेश लागू होत नाही.

समजा, दुपारी कर्मचाऱ्याने आठव्या क्रमांकावर 'सुरू' असा आदेश दिला व तो मागे घेतला नाही. रात्री वेळापत्रक सोळाव्या क्रमांकावर 'बंद' लिहिते. तरी दिवे रात्रभर जळत राहतात. पहारेकऱ्याने बटण दाबून ते मालवले, तर सी-बस ते मान्य करते. पण गेटवेच्या लेखी आठव्या क्रमांकावरील 'सुरू' कायम असते. अशा वेळी गेटवेच्या रचनेनुसार पडद्यावर चुकीची स्थिती दिसते किंवा दिवे पुन्हा लागतात. येथे कोणतेही उपकरण बिघडलेले नाही. दोन यंत्रणांचे नियम भिन्न आहेत आणि त्यांचा मेळ आधी ठरविलेला नाही.

निष्कर्ष

१. गेटवे बसविण्यापूर्वी गटांची नावे, मोजपट्टी व अग्रक्रम लेखी निश्चित करावेत.

२. बटणाचा आदेश किती काळ मानावा व वेळापत्रकाने तो केव्हा रद्द करावा, हे वापरकर्त्यांशी बोलून ठरवावे.

३. गेटवे बंद पडला तरी भिंतीवरील बटणे चालली पाहिजेत. आपत्कालीन प्रकाशाची सुरक्षितता केवळ गेटवेवर सोपवू नये.

४. रूपांतराचा तक्ता व दोन्ही प्रणालींच्या संरचना-फायली काम पूर्ण होताच इमारतीच्या मालकाच्या ताब्यात याव्यात.

यांतील शेवटचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. इमारत अनेक दशके उभी असते. जोडणी करणारा कंत्राटदार तेवढा काळ उपलब्ध असेलच असे नाही. तक्ता त्याच्याच संगणकात राहिला, तर मुक्त मानक स्वीकारूनही मालक एका व्यक्तीवर अवलंबून राहतो. म्हणून यंत्रणेचा मोकळेपणा मानकाच्या नावावरून न ठरवता, तिचा अर्थ लावणारा तक्ता कोणाच्या हाती आहे, यावरून ठरविणे उचित होय.