रोबो व्हॅक्यूम निवडताना: आधी फरशी, मग पास्कल

रोबो व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर व्यासाची आणि आठ-दहा सेंटिमीटर उंचीची चपटी तबकडी. तिच्या पोटात दोन चाके, एक फिरता मुख्य ब्रश, कडेचा केर मध्याकडे ओढणारा छोटा ब्रश, हवा खेचणारा पंखा, धुळीचा डबा, फिल्टर आणि लिथियम-आयन बॅटरी एवढा ऐवज असतो. यातली एकही वस्तू नवी नाही. नवी आहे ती यंत्राची अक्कल: आपण घरात कुठे आहोत, कुठले झाडून झाले आणि कुठले राहिले हे त्याला स्वतःला कळते. जाहिराती मात्र पंख्याच्या ताकदीवरच रंगलेल्या असतात. पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढे जाणाऱ्या किमतीत नेमके कशाचे पैसे मोजायचे, हा घोळ तिथूनच सुरू होतो.

असे पहिले यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ साली विक्रीला काढले. त्याचे नाव ‘ट्रायलोबाइट’. श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून ते समोरचा अडथळा ओळखत असे. पण किंमत अशी होती, की हौशी श्रीमंतांपलीकडे ते फारसे गेले नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, अमेरिकेतल्या आयरोबॉट कंपनीने सुमारे २०० डॉलरना ‘रूम्बा’ आणली आणि खरी बाजारपेठ उभी राहिली. आयरोबॉट ही रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर या एमआयटीतल्या तिघांनी १९९० मध्ये काढलेली कंपनी. रोबोने आधी परिसराचा नकाशा करावा, मग विचार करावा आणि मग हालचाल करावी, ही त्या काळची रूढ समजूत ब्रूक्स यांना मान्य नव्हती. साध्या प्रतिक्रियांचे थर एकावर एक रचले, तर नकाशावाचूनही शहाणे वाटावे असे वर्तन निपजते, हे त्यांनी १९८० च्या दशकात मांडले आणि किड्यांसारखे चालणारे रोबो करून दाखवलेही. पहिली रूम्बा त्याच वळणाची होती. धडक बसली की दिशा बदलायची, भिंत लागली की तिच्या कडेने जायचे, केर जास्त लागला की तिथेच थोडे घुटमळायचे.

असे भटकणे वेडगळ वाटले तरी त्याला गणित आहे. यंत्राची वाट पूर्णपणे यदृच्छ असेल आणि त्याने खोलीच्या क्षेत्रफळाइतकी जागा झाडली असेल, तर प्रत्यक्षात खोलीचा सुमारे ६३ टक्केच भाग झाडला जातो; बाकीची मेहनत झाडलेलेच पुन्हा झाडण्यात जाते. दुप्पट फिरले तर आकडा ८६ टक्क्यांवर आणि तिप्पट फिरले तर ९५ टक्क्यांवर पोहोचतो. म्हणजे एका खोलीत हा प्रकार चालून जातो. तीन खोल्या आणि मधल्या चिंचोळ्या बोळाच्या घरात मात्र यंत्र एकाच खोलीत घुटमळत राहते आणि बॅटरी संपते. त्यापेक्षा बरी असतात ती गायरोस्कोप आणि चाकांच्या फेऱ्या मोजून सरळ ओळीत जाणारी यंत्रे. त्यांचा दोष असा, की ओल्या लादीवर किंवा पायपुसण्यावर चाक जरासे घसरले, तरी हिशेब चुकतो आणि ती चूक पुढे साचत जाते.

नकाशा करायचा तर आपली जागा ठाऊक हवी आणि जागा ओळखायची तर नकाशा हवा. या पेचावर १९८६ मध्ये रँडल स्मिथ आणि पीटर चीझमन यांनी संभाव्यतेच्या गणिताने वाट दाखवली. दोन्ही गोष्टी अंदाजाने धरायच्या आणि प्रत्येक नव्या मोजमापाने दोन्ही अंदाज एकदमच सुधारत न्यायचे, अशी ती युक्ती. पुढे ‘स्लॅम’ या नावाने तिचे शास्त्रच झाले. २०१० मध्ये नीटो कंपनीच्या ‘एक्सव्ही-११’ने ते फिरत्या लेसरसह घरगुती किमतीत आणले. तोवर असे लेसर संवेदक हजारो डॉलरचे आणि प्रयोगशाळांपुरते होते. २०१५ च्या ‘रूम्बा ९८०’ने तेच काम कॅमेऱ्याने केले. दोन्हींत व्यवहारातला फरक स्पष्ट आहे. लेसरला उजेड लागत नाही. कॅमेऱ्यावर विसंबणारे यंत्र पलंगाखालच्या अंधारात किंवा रात्री दिवे मालवल्यावर गोंधळते.

नकाशामुळे वेळ किती वाचतो, हे आकड्यांत पाहता येते. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. मुख्य ब्रशची रुंदी सतरा सेंटिमीटर धरली, तर ही जागा एकदा झाडायला सुमारे २७० मीटर चालावे लागते. सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने हे अंतर पंधरा मिनिटांचे. खुर्च्यांचे पाय, वळणे आणि कडेच्या फेऱ्या धरून प्रत्यक्षात पाऊण तास लागला तरी बॅटरीच्या आवाक्यात ते बसते. एकाहून अधिक खोल्यांचे घर असेल तर पैसे आधी या नकाशासाठी घालावेत. बाकी सारे त्यानंतर.

लेसरच्याही मर्यादा आहेत. तो जमिनीपासून नऊ-दहा सेंटिमीटरवरचा एकच आडवा छेद पाहतो. बाल्कनीच्या काचेतून तो आरपार जातो, आणि कपाटाचा आरसा खाली टेकलेला असेल तर नकाशात आरशापलीकडे नसलेली खोली उगवते. त्याच्या नजरेखाली राहणाऱ्या वस्तू, म्हणजे मोबाइलच्या चार्जरची वायर, मोजे, सतरंजीच्या दशा, त्याला दिसतच नाहीत. यासाठी महाग यंत्रांना पुढच्या बाजूला आणखी एक कॅमेरा किंवा प्रकाशाच्या रेघा टाकून अंतर मोजणारा संवेदक असतो. घरात लहान मूल किंवा कुत्रे असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. एरवी वायरी उचलून ठेवणे फुकटात होते.

आता पास्कल. हे दाबाचे एकक आहे आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. खोक्यावर ‘८,००० पास्कल’ लिहिलेले असते, तेव्हा यंत्राचे तोंड पूर्ण बंद केल्यास आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी होतो, एवढाच त्याचा अर्थ. तोंड बंद असताना हवा वाहत नाही, आणि धूळ उचलते ती तर वाहती हवा. स्ट्रॉचे खालचे टोक बोटाने दाबून धरले, तर कितीही जोर लावला तरी पेल्यातला उसाचा रस तोंडात येत नाही. हवेची काम करण्याची शक्ती म्हणजे दाबातला फरक गुणिले प्रवाह. प्रवाह शून्य असतो तेव्हा फरक सर्वाधिक, आणि प्रवाह मोकळा सुटतो तेव्हा फरक जवळजवळ शून्य. खरे काम या दोन टोकांच्या मध्ये होते. जाहिरातीतला आकडा नेमका त्या टोकाचा आहे, जिथे यंत्र काहीच काम करत नाही.

बॅटरीचा हिशेब मांडला की या आकड्यांची मिजास आणखी उतरते. १४.४ व्होल्ट आणि ५,२०० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे ७५ वॅट-तास ऊर्जा मावते. ती दोन तास पुरवायची, तर पंखा, चाके, ब्रश, लेसर या सगळ्यांच्या वाट्याला मिळून ३७ वॅट येतात. वायरवर चालणारे साधे व्हॅक्यूम क्लीनर हजार वॅट सहज खाते. युरोपीय संघाने २०१७ पासून त्यावर ९०० वॅटची मर्यादा घातली आहे. ‘टर्बो’ किंवा ‘मॅक्स’ दर्जावर रोबो चालवला तर पास्कल वाढतात, पण चालण्याचा वेळ घटतो आणि आवाजाने टीव्ही ऐकू येत नाही.

जास्त ओढ लागते ती जाड गालिच्यांना, कारण तिथे धूळ धाग्यांच्या मुळाशी बसते. ही यंत्रे घडली ती भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असलेल्या घरांसाठी. महाराष्ट्रातल्या घरांत व्हिट्रिफाइड टाइल, मोझॅक, कोटा किंवा मार्बल असते आणि केर वरच पडलेला असतो. अशा गुळगुळीत लादीला दोन-तीन हजार पास्कल पुरतात. त्यापुढचा आकडा बहुतांशी मिरवण्यापुरता. शहाबादी फरशीच्या खोल सांध्यांत अडकलेली माती हा अपवाद, पण तिथे हवेपेक्षा केरसुणीचे टोक सरस ठरते. लादीवर खरा उपद्रव देतो तो कडेचा ब्रश. तो जोरात फिरत असेल तर सांडलेले तांदूळ, मोहरी, साबुदाणा तबकडीखाली येण्याऐवजी चहूकडे उधळतात. या ब्रशचा वेग कमी करण्याची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारावे.

लांब केस असलेल्या घरात मुख्य ब्रशकडे लक्ष द्यावे लागते. केसाळ ब्रशाभोवती केस गुंडाळले जातात आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये शिरून तो जाम होतो. रबरी पात्यांचा रोलर यापेक्षा सुसह्य. ‘गुंता होत नाही’ हा दावा मात्र शब्दशः घेऊ नये. आठवड्यातून एकदा रोलर काढून केस कापावेच लागतात.

फिल्टरवर ‘हेपा’ लिहिलेले असते. अमेरिकी मानकानुसार हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. ‘हेपा-टाइप’ या शब्दाला असा कोणताच ठरलेला अर्थ नाही. शिवाय यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर फिल्टर कितीही चांगला असून उपयोग होत नाही. पिठी, सिमेंटची धूळ आणि रांगोळी हे या फिल्टरचे शत्रू. बारीक भुकटीने त्याची छिद्रे बुजतात आणि ओढ मंदावते. दिवाळीत घरात रांगोळी असेल, तर यंत्राच्या अ‍ॅपमध्ये तेवढा चौकोन वर्ज्य ठरवून द्यावा. रांगोळीही वाचते आणि फिल्टरही.

घराची पाहणी मापपट्टी घेऊन, घोट्याच्या उंचीवरून करावी. बहुतेक यंत्रे दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा चढतात. काही महाग नमुने चाके उचलून चार सेंटिमीटरच्या आसपास जातात. फ्लॅटमधल्या दाराच्या पट्ट्या त्यात बसतात, जुन्या वाड्यातला किंवा कोकणातल्या घराचा लाकडी उंबरठा बसत नाही. दिवाणाखाली, सोफ्याखाली किती जागा आहे तेही पाहावे, कारण लेसरचा मनोरा यंत्राची उंची दीड-दोन सेंटिमीटरने वाढवतो आणि सगळ्यात जास्त धूळ साठते ती नेमकी तिथेच.

जिन्यावरून पडू नये म्हणून यंत्राच्या तळाला अवरक्त किरणांचे संवेदक असतात. खाली सोडलेला किरण परत आला नाही, की पुढे खड्डा आहे असे समजून यंत्र मागे फिरते. काळा पृष्ठभाग हे किरण शोषून घेतो. त्यामुळे कडप्प्याची फरशी, काळ्या ग्रॅनाइटची पट्टी किंवा गालिच्यावरची काळी नक्षी म्हणजे काही यंत्रांच्या लेखी दरीच. संवेदकांवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय सुचवला जातो. बंगल्यात किंवा डुप्लेक्समध्ये जिना असेल तर तो करू नये. काळी फरशी असलेल्यांनी विकत घेण्याआधी यंत्र तशा फरशीवर चालवून दाखवायला सांगावे.

पुसण्याची सोय तीन प्रकारची असते. मागे ओले कापड ओढत नेणारी यंत्रे धूळ पुसतात कमी आणि पसरवतात जास्त. कंप पावणारी पट्टी जरा बरी. फिरत्या दोन गोल कापडांची यंत्रे, आणि ती कापडे अधूनमधून चार्जिंगच्या तळावर जाऊन धुऊन घेणारी, खरोखर लादी पुसतात. तरीही स्वयंपाकघरातला तेलकट थर किंवा वाळलेला चहाचा डाग घालवायला हाताचा दाब लागतो, त्यामुळे घरकामाच्या मावशींची जागा हे यंत्र घेत नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात ओले कापड दोन दिवसांत कुबट होते; गरम हवेने कापड वाळवणाऱ्या तळाचा तिथे खरा उपयोग आहे.

तळ म्हणजे चार्जिंगची जागा. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मीटर आणि समोर मीटर-दीड मीटर मोकळी जागा लागते. वन बीएचकेमध्ये एवढा कोपरा शोधणे हेच मोठे काम असते. धुळीचा डबा आपोआप रिकामा करणारा तळ सोयीचा, पण त्याच्या पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात आणि उपसताना दहा-पंधरा सेकंद कर्कश आवाज होतो.

यंत्र वाय-फायला जोडले की घराचा नकाशा आणि कॅमेरा असेल तर चित्रेही बाहेर जाऊ शकतात. आयरोबॉटच्या चाचणी-यंत्रांनी टिपलेली, घरातल्या माणसांची खासगी छायाचित्रे समाजमाध्यमांवरच्या बंद गटांत पोहोचल्याचे ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने २०२२ मध्ये उघड केले. ही यंत्रे खास चाचणीसाठीची होती आणि वापरणाऱ्यांनी संमती दिली होती, असा कंपनीचा खुलासा होता. २०२४ मध्ये इकोव्हॅक्स कंपनीच्या काही यंत्रांचा ताबा अमेरिकेत बाहेरच्यांनी घेतला आणि त्यांच्या स्पीकरमधून शिवीगाळ ऐकू आली. लेसरला चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे शयनगृहात फिरणाऱ्या यंत्राला कॅमेरा नसलेलाच बरा. अ‍ॅपशिवाय, नुसत्या बटणावर यंत्र किती काम करते, हेही तपासावे.

त्याला आणखी एक कारण आहे. लेसर घरोघर नेणारी नीटो २०२३ मध्ये बंद पडली. आयरोबॉट विकत घेण्याचा अ‍ॅमेझॉनचा बेत जानेवारी २०२४ मध्ये मोडला आणि २०२५ च्या डिसेंबरात या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीच गेली तर तिच्या सर्व्हरवर चालणारे अ‍ॅपही जाऊ शकते. म्हणून खरेदीआधी ब्रश, फिल्टर आणि बॅटरी वेगळी मिळते का, आणि दुरुस्ती नागपूर-कोल्हापुरात होते की यंत्र मुंबईला पाठवावे लागते, हे विचारून घ्यावे. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर जवळपास एक पंचमांशाने घटते. यंत्र रोज चालवले तर दोनेक वर्षांत हे जाणवू लागते. ती बॅटरी चार स्क्रू काढून घरी बदलता येत असेल, तर यंत्र आणखी तितकीच वर्षे चालते.