प्रोसेसर बदलायचा की पूर्ण कॉम्प्युटरच?

ईदनंतरच्या आठवड्यात थोरला आमच्यासमोर येऊन बसला. एका हातात जमवलेली ईदी, दुसऱ्या हातात एक कागद. "अब्बा, कॉम्प्युटर जुना झालाय. गेम सारखा अडखळतो." कागदावर एका दुकानदाराने लिहून दिलेला हिशेब होता. नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, नवी रॅम. बेरीज चाळीस हजारांच्या पुढे. कपाटात तेवढे पैसे होते, पण ते धाकटीच्या अकरावीच्या क्लाससाठी बाजूला काढलेले. थोरल्यालाही हे ठाऊक होते, म्हणूनच तो मान वर करत नव्हता.

आम्ही पडलो भाषा शिकवणारे. पण न समजता "नाही" म्हणणे हेही न समजता "हो" म्हणण्याइतकेच चुकीचे. त्याला म्हणालो, "आठ दिवस दे. दोघे मिळून समजून घेऊ." त्या आठ दिवसांत जे कळले, ते गेम खेळणारी मुले असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल, असे वाटते.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहा

गेम चालवताना दोन भागांवर मुख्य भार पडतो. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. खेळातल्या हालचाली, शत्रू, नियम यांचा हिशेब प्रोसेसर करतो. यांपैकी जो मागे पडेल, त्याच्या चालीने दुसऱ्याला चालावे लागते.

मागे कोण पडतो, हे घरीच कळते. गेम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल, तर प्रोसेसर बदलून फारसे काही हाती लागत नाही. ते निम्म्यावरच रेंगाळत असेल आणि चित्राचा दर्जा कमी करूनही वेग वाढत नसेल, तर अडसर बहुधा प्रोसेसरचा. प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवा असतो. सहापैकी एकच कोअर पूर्ण भरलेला असला, तरी एकूण आकडा कमीच दिसतो.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड खरोखरच निम्म्यावर होते. म्हणजे मुलाची तक्रार खरी होती. पण दुकानदाराचा इलाज खरा होता का?

सॉकेट एकच, पिढ्या अनेक

आमचा प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ २६००, म्हणजे २०१८ चा. मदरबोर्ड बी४५०, सॉकेट एएम४. हाच सॉकेट एएमडीने पुढच्या पिढ्यांनाही ठेवला. त्यामुळे २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० आमच्या जुन्या बोर्डावर बसतो आणि जुनी डीडीआर४ रॅमही चालते. त्याच वर्षी आलेल्या एएम५ सॉकेटसाठी मात्र बोर्डही नवा लागतो आणि डीडीआर५ रॅमही. दुकानदाराचा हिशेब त्याचा होता.

इंटेलवाल्यांनी पिढी पाहावी. १० वी आणि ११ वी एका सॉकेटवर, १२ वी ते १४ वी दुसऱ्या. पहिल्या गटातला बोर्ड दुसऱ्या गटातला प्रोसेसर घेत नाही. नावाच्या शेवटी 'एफ' असेल, तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसतात. वेगळे कार्ड लागतेच.

आमची पहिली शंका अशी की २६०० मध्ये सहा कोअर आणि ५६०० मध्येही सहाच, मग फरक कशाचा? फरक आहे तो प्रत्येक कोअरच्या कामाच्या उरकाचा. शिवाय वेगाची कमाल मर्यादा ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर गेली. जवळची स्मृती, म्हणजे कॅशे, १६ एमबीवरून ३२ एमबी झाली. जुन्यात ती तीन-तीन कोअरच्या दोन गटांत वाटलेली होती. नव्यात सहाही कोअर एकाच साठ्यातून घेतात. गेमला याचाच मोठा फायदा होतो.

थोरल्याची नजर ५८००एक्स३डीवर होती. त्यात ९६ एमबी कॅशे, खास गेमसाठी. पण आमचे ग्राफिक्स कार्ड २०१९ चे. एवढ्या प्रोसेसरला ते पुरे पडणार नाही, हे त्याचे त्यालाच पटले. ५७००एक्समध्ये आठ कोअर, पण कॅशे ५६०० इतकीच. निव्वळ गेमसाठी त्यात विशेष लाभ नाही. ५६०० हा २६०० प्रमाणेच ६५ वॅटचा, त्यामुळे पॉवर सप्लाय तोच चालला. डब्यात पंखाही मिळाला. किंमत दहा हजारांच्या आत. निम्मी ईदीतून, निम्मी आमच्याकडून.

आमची झालेली चूक

प्रोसेसर बसवायला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बटण दाबले, पंखा फिरला, पडदा काळाच. तो म्हणाला, "प्रोसेसरच खराब आहे." थोरल्याचा चेहरा पाहवेना. घरी येऊन त्याने बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी काढली. या प्रोसेसरसाठी बोर्डाचे बायोस कितव्या आवृत्तीचे हवे, ते तिथे स्पष्ट लिहिले होते. आमचे त्याहून जुने होते. जुना प्रोसेसर परत बसवला, बायोस अद्ययावत केले, मग नवा लावला. मगरिबनंतर पडदा उजळला.

तेव्हा वाचकहो, क्रम लक्षात ठेवा. आधी यादी, मग बायोस, मग प्रोसेसर. बायोस बदलताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. इन्व्हर्टर असेल तेव्हाच हात घाला. एएम४ चा पंखा सरळ ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग पंखा हलकेच फिरवून सोडवा. पंखा एकदा काढला की पेस्ट पुन्हा लावावी लागते. तिची छोटी नळी जवळ असू द्या.

गेम आता अडखळत नाही. धाकटीच्या क्लासची फी वेळेवर भरली. पावती थोरल्यानेच आणून दिली आणि या वेळी त्याची मान वर होती.