सराव बोटांचा, तयारी मनाची

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरमधील ती संध्याकाळ आमच्या घरात अजून कुणी विसरलेले नाही. माझी कन्या त्या वेळी बारा वर्षांची होती. वांद्र्याच्या ज्या वयस्कर शिक्षिकेकडे ती पियानो शिकत असे, त्यांच्या विद्यार्थ्यांचा नाताळापूर्वीचा छोटासा कार्यक्रम होता. श्रोते जेमतेम साठ-सत्तर. त्यांतले निम्मे मुलांचे आई-वडील आणि आजी-आजोबा. तिने निवडलेली रचना घरी असंख्य वेळा बिनचूक वाजवून झाली होती. ऐकून ऐकून ती आम्हा सर्वांना पाठ झाली होती. मुलगी मंचावर गेली, बसली, सुरुवातही सुरेख झाली. पण थोड्याच वेळात सुरुवातीच्या ओळी पुन्हा आल्या. मग आणखी एकदा आल्या. पुढची वाट तिला सापडेना. अखेर तिचे हात थांबले आणि ती उठून पडद्यामागे निघून गेली.

परतीच्या लोकलमध्ये ती एकच वाक्य बोलली, "बाबा, मला येत होतं हो."

तिचे म्हणणे खरे होते. तिला येत होते. मग जे घरी येते ते चार लोकांसमोर का येत नाही? हा प्रश्न काही पियानोपुरता नाही. पदोन्नतीच्या मुलाखतीत, वार्षिक सभेत अहवाल वाचताना किंवा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आपल्यापैकी अनेकांनी तो अनुभवलेला असतो. त्यानंतरच्या वर्षभरात त्या शिक्षिकेने माझ्या मुलीला, आणि तिच्याबरोबर शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मला, या प्रश्नाचे जे उत्तर शिकवले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

चकवा कुठे लागला?

ती रचना म्हणजे 'जी मेजर'मधील सुप्रसिद्ध मिन्युएट. योहान सेबास्टियन बाख यांनी आपल्या पत्नीसाठी, ॲना माग्दालेना यांच्यासाठी, १७२५ साली सुरू केलेल्या वहीत ती आढळते. त्यामुळे दीर्घकाळ ती बाख यांचीच समजली गेली. प्रत्यक्षात ती क्रिस्टियान पेट्झोल्ड या संगीतकाराची असल्याचे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. जगभरातील नवशिके विद्यार्थी ती शिकतात.

पाश्चात्य स्वरलिपीत उभ्या रेषांनी जे छोटे विभाग पाडलेले असतात, त्यांना 'बार' म्हणतात. या मिन्युएटमध्ये असे ३२ बार आहेत. आठ-आठ बारांची चार घरे. गंमत अशी की, पहिल्या आणि दुसऱ्या घरात उजव्या हाताचे पहिले सहा बार अगदी सारखे आहेत. वाट फुटते ती सातव्या बारपाशी. 'जी' हा स्वर षड्ज मानला, तर पहिल्या घराची ओळ ऋषभावर टेकते आणि दुसऱ्या घराची षड्जावर विसावते. दुसऱ्या घरातून निघताना बोटांनी चुकून पहिल्या घराचे वळण घेतले, की माणूस पुन्हा आरंभाशी येऊन उभा राहतो. आमच्या गावाकडे रात्रीच्या वेळी रानात माणसाला चकवा लागतो असे म्हणत. पुष्कळ चालावे आणि त्याच झाडाखाली परत यावे, तसे मुलीचे झाले होते.

पुढच्या तासाला तिच्या शिक्षिकेने झाल्या प्रसंगाबद्दल अवाक्षर काढले नाही. त्या मूळच्या गोव्याच्या. आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत त्यांनी एवढेच सांगितले, "बाय, सतराव्या बारपासून वाजव. नुसता डावा हात."

मुलगी गोंधळली. संपूर्ण रचना डोळे मिटून वाजवू शकणाऱ्या त्या मुलीला मधूनच, एका हाताने, चार बारही वाजवता येईनात. "बघ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या बोटांना येतं. तुला अजून यायचं आहे."

स्मृतीची चार खाती

बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर मुलीने आपली सगळी ठेव एकाच खात्यात ठेवली होती. सतत एकाच क्रमाने वाजवल्यामुळे बोटांना जी सवय जडते, ती साखळीसारखी असते. एक कडी दुसरीला ओढून आणते. घरी आपले लक्ष अन्यत्र असल्याने ती साखळी विनासायास चालते. मंचावर मात्र भीतीमुळे आपण आपल्याच बोटांवर पहारा ठेवू लागतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करू लागल्यास पाऊल अडखळते, तसे मग बोटही अडखळते. आणि एक कडी तुटली, की मधूनच साखळी धरायला दुसरी जागा नसते.

म्हणून बोटांच्या स्मृतीबरोबरच आणखी तीन खाती उघडावी लागतात. एक कानाचे: पुढचा स्वर वाजण्यापूर्वी तो मनात ऐकू यावा. दुसरे डोळ्यांचे: स्वरलिपीचे पान आणि पट्ट्यांवरील हाताची जागा दिसावी. तिसरे बुद्धीचे: आपण कोणत्या घरात आहोत आणि वाट कुठे फुटते हे ठाऊक असावे. एक खाते ऐन वेळी गोठले, तरी उरलेल्यांतून व्यवहार चालू राहतो.

मैफलीत पाठ वाजवण्याची प्रथा तशी फार जुनी नाही. क्लारा शुमान (१८१९-१८९६) या जर्मन विदुषीने तरुणपणी जाहीर कार्यक्रमात समोर कागद न ठेवता वादन केले, तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला होता. पुढे फ्रान्झ लिस्ट आणि इतरांमुळे ती रीतच पडली. याउलट स्व्यातोस्लाव रिख्तर यांच्यासारखा विसाव्या शतकातील थोर वादक उत्तरायुष्यात अंधाऱ्या सभागृहात एक छोटा दिवा लावून, स्वरलिपी समोर ठेवून वाजवीत असे. स्मृतीबद्दल वाटणारी धास्ती थोरांनाही चुकलेली नाही, हे कळल्यावर मुलीच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

वाद्याविना सराव

त्यानंतरचा पंधरवडा शिक्षिकेने पियानोला हात लावायची मनाई केली. रोज वीस मिनिटे स्वरलिपी घेऊन बसायचे, वाचायचे, मनात ऐकायचे आणि बोटे न हलवता वाजवायचे. जिथे मनातले चित्र धूसर होईल, तिथे पेन्सिलीने खूण करायची. पहिल्या दिवशी पानावर अकरा खुणा झाल्या. पंधरवड्याच्या अखेरीस दोन उरल्या.

मला हा प्रकार विचित्र वाटला होता. पण याची परंपरा मोठी आहे. वाल्टर गीझेकिंग हे जर्मन पियानोवादक आपले गुरू कार्ल लाइमर यांच्या पद्धतीनुसार रचना आधी वाचून, मनात पक्की करून मगच वाद्याशी बसत. १९९५ साली आल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोगही या संदर्भात उल्लेखनीय आहे. पियानो न येणाऱ्या व्यक्तींना पाच बोटांचा एक पाठ देण्यात आला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास तो प्रत्यक्ष वाजवला. दुसऱ्याने तेवढाच वेळ केवळ मनात वाजवला. बोटांच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखेच बदल दिसून आले. वादनात मनाने सराव करणारे थोडे मागे होते; पण प्रत्यक्ष सरावाची एकच बैठक मिळताच त्यांनी बहुतेक अंतर भरून काढले.

आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो आणि हाताने ताल धरतो. ही पढंत म्हणजे दुसरे काय? जे मुखातून निघते ते हातातून निघते, हे आपल्या गुरुजनांना प्रयोगशाळेविना उमगले होते.

मैफलीचाही सराव हवा

आपण रचनेचा सराव करतो, पण सादरीकरणाचा करीत नाही. घरी चूक झाली की थांबून मागे जातो आणि दुरुस्त करतो. असे शेकडो वेळा केल्यावर चुकले की थांबायचे, हीच सवय पक्की होते. आणि मंचावर तीच उपयोगाला येते. म्हणून शिक्षिकेने दोन वेगळे सराव नेमून दिले.

पहिला दुरुस्तीचा. यात वाटेल तितके थांबावे. लय अतिशय संथ ठेवावी. डावा हात स्वतंत्र वाजवावा. चार घरांच्या चार चिठ्ठ्या वाटीत टाकाव्यात आणि जी निघेल त्या घरापासून आरंभ करावा. शेवटचे घर सर्वांत आधी पक्के करावे, म्हणजे जसजसे पुढे जाऊ तसतशी वाट अधिक ओळखीची होत जाते.

दुसरा सादरीकरणाचा. दिवसातून एकदाच, बोटे गरम न करता, पहिल्याच प्रयत्नात. दाराबाहेर उभे राहायचे, आत यायचे, नमस्कार करायचा, बैठकीची उंची नीट करायची, पहिल्या दोन ओळी मनात ऐकून लय ठरवायची आणि मगच आरंभ करायचा. चूक झाली तर मागे वळायचे नाही. लय न सोडता पुढच्या घराचे दार गाठायचे. ख्यालगायकाला वाट चुकली तरी त्यातून नवी जागा काढता येते. लिहिलेल्या रचनेत ती मुभा नाही. पण पुढे जाण्याची मुभा निश्चित आहे.

श्रोतेही हळूहळू वाढवले. प्रथम आजी, मग शेजारचे काका-काकू, मग इमारतीतील मुले. त्याखेरीज वाद्याचाही प्रश्न होता. सतारिया आपली सतार बरोबर नेतो. पियानोवादकाला जे समोर येईल ते वाजवावे लागते. आमच्याकडे मध्यमवर्गीय सदनिकेला परवडणारा, कानाला हेडफोन लावून वाजवता येणारा डिजिटल पियानो. सभागृहातील मोठ्या पियानोच्या पट्ट्यांचे वजन आणि आवाजाचा विस्तार अगदी निराळा. म्हणून कार्यक्रमापूर्वी दोनदा विनंती करून ती त्या वाद्यावर बसून आली.

भीतीशी सख्य

एवढी तयारी केल्यावर भीती जाते का? जात नाही. व्लादिमिर होरोविट्झ यांच्यासारखा दिग्विजयी वादक १९५३ पासून १९६५ पर्यंत, तब्बल बारा वर्षे, जाहीर मैफलींपासून दूर राहिला होता. भीतीच्या क्षणी शरीरात ॲड्रेनलिन वाढते, हृदयाची गती वाढते, त्वचेकडील रक्तपुरवठा कमी होऊन बोटे गार पडतात. वातानुकूलित सभागृहात ती अधिकच गारठतात. यावर शिक्षिकेचे उपाय साधे होते: हात कोमट पाण्याने धुवावेत, पूर्ण बाही घालावी, श्वास सावकाश सोडावा.

आणखी एक उपाय शब्दांचा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी स्वतःला 'शांत हो' असे बजावण्यापेक्षा 'मी उत्सुक आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली झाली. धडधड तीच, तिला आपण नाव कोणते देतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. मुलीने ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

पुढचा डिसेंबर

वर्ष उलटले. शिक्षिकेने तीच रचना पुन्हा निवडायला लावली. मला ते कठोर वाटले, पण मी बोललो नाही. मुलगी मंचावर आली, बैठक नीट केली, क्षणभर थांबली आणि वाजवू लागली. दुसऱ्या घराचे सातवे बार जवळ येताना माझीच बोटे गार पडली होती. ते वळण तिने सहज घेतले. मात्र तिसऱ्या घरात, जिथे कुणालाच अपेक्षा नव्हती तिथे, एक स्वर चुकला आणि डावा हात क्षणभर मुका झाला. उजवा चालत राहिला. चौथ्या घराच्या दारात दोन्ही हात पुन्हा एकत्र आले आणि रचना षड्जावर येऊन विसावली.

लोकलमध्ये तिने विचारले, "बाबा, चूक कळली का तुम्हाला?"

"कळली," मी खरे ते सांगितले.

"मलाही कळली," ती म्हणाली, "पण पुढचं घर कुठे आहे ते मला ठाऊक होतं."

मग खिडकीच्या गजावर तिची बोटे हलू लागली. शिक्षिकेने निघताना नवी रचना दिली होती, तिची पहिली ओळ ती मनात वाजवीत होती.