गर्भधारणोपचार आणि गर्भिणीचा रक्तदाब

शरीराबाहेरील फलनातून जन्मास आलेले जगातील पहिले मूल, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. ही प्रसूती शस्त्रक्रियेने करण्यात आली. तीपूर्वी मातेचा रक्तदाब वाढला होता. जन्माच्या कौतुकात ही गोष्ट मागे पडली. एका उदाहरणावरून सिद्धान्त निघत नाही हे खरे. परंतु पुढे अशी उदाहरणे वाढत गेली.

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक होऊन मूत्रातून प्रथिन जाऊ लागले, अथवा यकृत, मूत्रपिंड इत्यादी इंद्रियांस इजा पोहोचली, म्हणजे त्या विकारास प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो माता व अर्भक या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

उपचार घेणाऱ्या स्त्रिया बहुधा वयाने मोठ्या असतात, जुळ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक. तेव्हा दोष उपचाराचा की प्रकृतीचा, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथील १९८८ ते २०१५ या काळातील जन्मनोंदींवरून त्याचे उत्तर शोधण्यात आले. एकाच मातेची एक गर्भधारणा नैसर्गिक आणि दुसरी गोठविलेल्या भ्रूणापासून झालेली, अशी तुलना करता दुसरीत रक्तदाबविकाराचा संभव सुमारे दुप्पट आढळला. ताज्या भ्रूणाच्या बाबतीत मात्र अशी वाढ दिसली नाही. माता तीच असल्याने केवळ तिच्या प्रकृतीकडे बोट दाखविणे येथे पुरेसे होत नाही.

मग फरक कोठे पडतो? अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. तो प्रोजेस्टेरोन व ईस्ट्रोजेन तर स्रवतोच, शिवाय रिलॅक्सिन नावाचे, रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्यही स्रवतो. गोठविलेले भ्रूण ठेवण्यासाठी गर्भाशयाचे अस्तर पुष्कळदा केवळ औषधांनी तयार करतात. या पद्धतीत बीजमोचन होत नाही, म्हणून पीतपिंडही नसतो. औषधांनी दोन संप्रेरकांची भरपाई होते, रिलॅक्सिनची होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत औषधांनी तयार केलेल्या चक्रात प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण १२.८ टक्के, तर नैसर्गिक चक्राच्या आधाराने केलेल्या रोपणात ३.९ टक्के आढळले. पाहणी लहान होती, आणि एकट्या रिलॅक्सिनवर सारे खापर फोडणे घाईचे ठरेल. तथापि संशयाची दिशा तिने स्पष्ट केली.

औषधी चक्राचा मोठा गुण म्हणजे रोपणाचा दिवस सोयीने ठरविता येतो. ही सोय बहुतांशी रुग्णालयाची, हे विसरून चालणार नाही. ज्या स्त्रीची पाळी नियमित आहे तिच्या बाबतीत नैसर्गिक चक्राचा विचार प्रथम होणे इष्ट होय. जिचे अंडाशय निकामी झाले आहेत, तिला हा पर्याय नाही. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून गर्भ राहिल्यास धोका आणखी वाढतो. अधिक धोक्याच्या अशा गर्भिणींस डॉक्टर सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत अॅस्पिरिन सुरू करतात, आणि रक्तदाबाची तपासणी प्रसूतीनंतरही काही आठवडे चालू ठेवतात. कारण हा विकार कधीकधी बाळंतपणानंतरही प्रथम प्रकट होतो.