दक्षिण ट्रॅपखालील कवच : भूकंप तरंगांद्वारे अभ्यास

भूकंपाच्या वेळी निघणारे तरंग पृथ्वीच्या अंतरंगातून जाताना त्यांच्या वेगात व दिशेत जे फरक पडतात, त्यांवरून दक्षिण ट्रॅपने झाकलेल्या पठाराखालील कवचाची जाडी व रचना ठरविली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा, लोणार या परिसरात विहिरी खणताना बेसाल्टाचे थर लागतात, सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरण्याआधीची जमीन मात्र त्यांखाली दडलेली आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हीच स्थिती असल्याने खालच्या खडकांची माहिती मुख्यतः अप्रत्यक्ष रीतीनेच मिळवावी लागते.

प्राथमिक तरंग कवचात सेकंदास सु. ६ ते ७ किमी., तर त्याखालील प्रावरणात सु. ८ किमी. वेगाने जातात. ही एकाएकी होणारी वाढ आंद्रिया मोहोरोव्हिचिक यांनी क्रोएशियातील १९०९ च्या भूकंपाच्या नोंदींवरून ओळखली. दूरच्या भूकंपाचे प्राथमिक तरंग खालून या सीमेवर आले म्हणजे त्यांच्या ऊर्जेचा काही भाग द्वितीयक तरंगांत रूपांतरित होतो. हे तरंग मंदगती असल्याने भूकंपमापकावर मागाहून नोंदले जातात. हा विलंब ४ ते ५ सेकंद असल्यास कवच सु. ३५ ते ४० किमी. जाड असते. तिबेटच्या पठाराखाली ते सु. ७० किमी. असल्याने तेथे विलंबही जवळजवळ दुप्पट असतो. गृहीत धरलेला वेग चुकल्यास जाडीही चुकते, हा या पद्धतीतील मोठा दोष होय.

कोयना येथील ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात गुहागर–चोरोची व केळशी–लोणी या रेषांवर सुरुंगांचे कृत्रिम तरंग वापरून पाहणी केली. कवचाचा तळ सु. ३५ ते ४० किमी. खोलीवर असल्याचे व ट्रॅपची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे घटत असल्याचे तीवरून दिसले. बेसाल्टाखाली गाळाचे खडक असले, तर त्यांतील वेग वरच्या खडकापेक्षा कमी पडतो आणि प्रणमित तरंगांत असा थर दिसतच नाही. अशा ठिकाणी वेधन उपयोगी पडते.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात कित्येक हजार लोक मृत्युमुखी पडले. हा प्रदेश तोवर भूकंपविभागांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता; हा विभागच २००२ च्या सुधारित नकाशातून वगळण्यात आला. जुने, स्थिर कवच म्हणजे निर्धोक कवच, ही समजूत फार महागात पडली. किल्लारीजवळील वेधनात ट्रॅपची जाडी अवघी ३३८ मी. भरली. कवचाच्या ज्ञानाने भूकंपाची वेळ सांगता येत नाही. परंतु थरांतील वेग नीट माहीत असल्यास भूकंपाचे केंद्र किती खोल होते, हे अधिक अचूक ठरविता येते. कोयना परिसरात गोठणे येथे सु. ३ किमी. खोलीचे वेधन २०१७ मध्ये पूर्ण झाले. तेथे सु. १,२५० मी. खोलीवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला.