पॅड कोरडं दिसतं, म्हणून...

"काकू, पॅड वरून कोरडंच असतं की! मग बदलायचं कशाला?"

आठवी-नववीच्या मुलींशी बोलायला एका शाळेत गेले होते, तिथे एकीने विचारलं. सकाळी लावलेलं पॅड ती संध्याकाळी घरी जाऊनच बदलायची. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, मांड्या सोलवटल्या होत्या, पण आईला बोलली नव्हती.

मी आर्ट्सवाली, त्यामुळे विज्ञानाच्या बाईंना बोलावलं. त्यांनी एक नवं जेलवालं पॅड फाडलं, आतले साखरेसारखे पांढरे कण ग्लासात झटकले आणि वर पाणी ओतलं. थोड्या वेळाने ग्लास उलटा केला, तर थेंब सांडेना!

हे कण म्हणजे सोडियम पॉलीअॅक्रिलेट नावाचं पॉलिमर. मणी ओवावेत तसे छोटे रेणू जोडून झालेली लांबच लांब माळ. कोरडेपणी ती गुंडाळलेली असते. पाणी लागलं की तिच्यावरचे सोडियमचे आयन सुटे होतात, मागे ऋण भार उरतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, माळ उलगडते, पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच धरून ठेवलं जातं. माळा एकमेकींना मधे मधे टाके घातल्यासारख्या जोडलेल्या, म्हणून विरघळत नाहीत, नुसत्या फुगतात. आपल्या सुती घडीतलं सेल्युलोजही पॉलिमरच. तेही पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतं, पण बरंचसं पाणी धाग्यांच्या फटींत असतं, पिळलं की बाहेर. जेल मात्र दाबलं तरी सहजी सोडत नाही.

मग बाईंनी त्यात चमचाभर मीठ घालून ढवळलं. जेलीला पाणी सुटलं! मिठातले सोडियम आयन माळेवरच्या भारांना झाकतात, त्यांची ढकलाढकल मंदावते. शुद्ध पाणी वजनाच्या शेकडो पट पिणारे हे कण खारट पाणी त्या मानाने फारच कमी पितात. आणि मैत्रिणींनो, रक्त खारटच असतं. जाहिरातीतलं निळं पाणी म्हणजे रक्त नव्हे!

शिवाय वरून कोरडं असलं तरी रक्त आतच असतं. ऊब आणि ओल मिळाली की जंतू वाढतात. म्हणून चार ते सहा तासांनी पॅड बदलायचंच. आणि संडासात टाकायचं नाही. तिथेही ते फुगतं आणि पाइप तुंबतो.

"पण काकू, शाळेत टाकायचं कुठे?" तीच मुलगी म्हणाली. खरंच, मुलींच्या संडासात डबाच नव्हता. आम्ही बायकांनी वर्गणी काढून झाकणाचे दोन डबे दिले. ते रोज रिकामे कोणी करायचे, यावर मुख्याध्यापकांशी अजून बोलणी चालू आहेत.